मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि विषयनिवडीचा सल्ला: कोल्हापुरातली पार्श्वभूमी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीचे वर्ग सुरू झाले आणि कोल्हापुरात बी.ए.ला मानसशास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींपुढे नव्या नावांची रास येऊन पडली. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे अभ्यासक्रम), एईसी (भाषा), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), ओजेटी (प्रत्यक्ष कामाचा अनुभव). राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे श्रेयांक) आणि चौथं वर्ष धरलं तर १६० ते १७६. यातलं काय कशाबरोबर घ्यायचं आणि त्यातून पुढे कुठली दारं उघडतात, हे नीट बसून सांगणारं माणूस प्रवेशाच्या गर्दीत सापडत नाही. हा गोंधळ धोरणामुळे झाला, असं बरेच पालक म्हणतात. धोरणानं तो उघड्यावर आणला एवढंच. त्याची मुळं बरीच मागे जातात.

राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झालं, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. त्या काळी आपल्याकडे मानसशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून उभंच राहिलेलं नव्हतं. ते तत्त्वज्ञानाच्या छत्राखाली, तर्कशास्त्राच्या जोडीनं शिकवलं जाई. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांची प्रयोगशाळा १८७९ ची, म्हणजे राजाराम कॉलेजच्या जेमतेम एक वर्ष आधीची. भारतात मानसशास्त्राचा पहिला विभाग कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली सुरू झाला. ते हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकून आले होते. त्यानंतर १९२४ मध्ये म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामींच्या हाताखाली विभाग सुरू झाला. आपल्या भागात हा विषय स्वतःच्या पायावर उभा राहायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

विषयांचा सल्ला देण्याची पद्धत याच सुमाराला अमेरिकेत आकार घेत होती, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले. विद्यार्थ्यानं हवं ते निवडावं, हे त्यांचं धोरण. मोकळीक मिळाली, पण अनेकांनी ती सोप्या आणि एकमेकांशी नातं नसलेल्या विषयांत घालवली. पुढे १९०९ नंतर त्यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी एका विषयात खोलवर अभ्यास आणि बाकीच्यांची ओळख, अशी घडी बसवली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं त्याआधीच विद्यार्थ्यांना सल्लागार प्राध्यापक नेमून द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे तिथे निवडीची मुभा आणि निवडीचा सल्ला ही दोन्ही पावलं थोड्याफार अंतरानं पडली. मानसशास्त्रापुरतं सांगायचं तर तिथल्या राष्ट्रीय मानसशास्त्र संघटनेनं पदवीच्या विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवं याची मार्गदर्शक तत्त्वं २००६ मध्ये मंजूर केली आणि २०१३ व २०२३ मध्ये ती नव्यानं मांडली. सल्ला देणाऱ्याच्या हातात निदान एक कागद आला.

आपल्याकडे निवडच थोडी होती, त्यामुळे सल्ल्याची उणीव फारशी जाणवली नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलाला कुठला विषय घ्यावा, कुठल्या सरांचं शिकवणं चांगलं, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे द्यायचा, हे बोर्डिंगमधला वरच्या वर्गातला मुलगा सांगे. या व्यवस्थेचं मोल कमी लेखू नये. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या पिढ्या तिच्यावरच तगल्या. पण तिची मर्यादाही उघड होती: सांगणारा ज्या वाटेनं गेला, तेवढीच वाट त्याला ठाऊक.

१९४९ नंतर कोल्हापूरची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाकडे आली आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. आपल्या भागातल्या मुलांना पुण्या-मुंबईला न जाता शिकता यावं, हा त्यामागचा आग्रह. आजरा, भुदरगड, शाहूवाडी, चंदगडकडची मुलं एस.टी.चा पास काढून कॉलेजला येऊ लागली. कला शाखेत मुलींची संख्या वाढत गेली आणि मानसशास्त्राकडेही त्या वळल्या.

याच काळात एक गोष्ट घडली, जिची आठवण कोल्हापूरकरांनी तरी ठेवायला हवी. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोगानं काम केलं. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत पुढे असलेले. या आयोगाच्या अहवालात मार्गदर्शन आणि समुपदेशन हा उच्च शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला आहे. विषय निवडताना विद्यार्थ्याला मदत मिळावी, नव्यांना सुरुवातीलाच महाविद्यालयाची ओळख करून द्यावी, अभ्यासाची आखणी करायला सल्लागार शिक्षक असावा आणि दर हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा, अशा शिफारशी त्यात आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचा हात ज्या अहवालावर फिरला, त्यातला १०+२+३ चा आकृतिबंध आपण घेतला. राज्यभर ज्युनिअर कॉलेजं निघाली. सल्लागाराचं कलम मात्र कागदावरच राहिलं, आणि माझ्या मते आजच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

त्यानंतरची कितीतरी वर्षं ‘स्पेशल’ची पद्धत चालली. पहिल्या वर्षाला चार-पाच ऐच्छिक विषय, दुसऱ्या वर्षाला त्यातले दोन-तीन आणि तिसऱ्या वर्षाला एक विषय स्पेशल, त्याचेच सगळे पेपर. वरवर पाहता हे सोपं. प्रत्यक्षात निवड ठरे ती वेळापत्रकावरून. महाविद्यालयं विषयांचे गट पाडत. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच गटात असले की एकच मिळणार. समाजकार्याकडे जायचं मनात असलेल्या मुलीला त्यामुळे मानसशास्त्राच्या जोडीला भूगोल घ्यावा लागे, आणि का घेतला हे तिला शेवटपर्यंत कळत नसे. प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर गटांचे चौकोन असत. ते भरून घेण्याचं काम ऑफिसच्या खिडकीतल्या क्लार्कचं. त्या बिचाऱ्याचं लक्ष अर्ज पुरा भरलाय का, एवढ्यावरच असणार.

मानसशास्त्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नसे: या विषयाला प्रात्यक्षिक असतं. आरशातून रेखाटन करण्याचा प्रयोग घ्या. टेबलावर दुहेरी रेघांचा तारा छापलेला कागद, त्यापुढे उभा आरसा आणि हात दिसू नये म्हणून मध्ये आडोसा. प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्यानं, आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हात नको त्या दिशेला जातो, चुका मोजल्या जातात, स्टॉपवॉचवर वेळ टिपला जातो, प्रयत्नागणिक दोन्ही कमी होत जातात. मग उजव्या हाताचा सराव डाव्या हाताला किती उपयोगी पडला, हे आकड्यांत मांडायचं. मध्यमान, प्रमाण विचलन, आलेख, सगळं प्रयोगवहीत. दहावीनंतर गणित सोडून आलेल्या आणि मनाच्या गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून विषय घेतलेल्या मुलीला हे तिसऱ्या वर्षी समोर येतं. पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं की या विषयात संख्याशास्त्र चुकत नाही, तर तिनं त्याची तयारी तरी केली असती.

सल्ला मिळालाच तर तो कुणाच्या बाजूचा, हाही प्रश्न होता. स्पेशलला पुरेशी मुलं नसली तर विषयाचा कार्यभार कमी होतो आणि शिक्षकाच्या पदावर गदा येते. त्यामुळे प्रत्येक विभाग आपला विषय कसा चांगला, हेच सांगणार. त्यात लबाडी नसते, पोटाची काळजी असते. पण विद्यार्थिनीला हवा असतो तिच्या पुढच्या आयुष्याकडे बघून दिलेला सल्ला.

आणि पुढच्या आयुष्याचे नियम दरम्यान फार बदलले. ‘मॅडम, सायकॉलॉजी घेतलं की काउन्सेलर हुतंय न्हवं?’ हा प्रश्न कोल्हापुरातल्या मानसशास्त्राच्या शिक्षकांना दर वर्षी ऐकायला मिळतो. पूर्वी त्याचं उत्तर सैल होतं. १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषद आली आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी तिच्याकडे गेली. बी.ए., मग एम.ए., मग मान्यताप्राप्त संस्थेतलं दोन वर्षांचं एम.फिल., असा रस्ता ठरला. ते शिक्षण बंगळूरच्या निम्हान्समध्ये किंवा धारवाडच्या मनोआरोग्य संस्थेत मिळे, पण जागा मूठभर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कुणाला म्हणायचं याची व्याख्या आणखी घट्ट केली. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. बंद केलं, नंतर चिकित्सा मानसशास्त्रापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात चिकित्सेबाहेरच्या मानसशास्त्रज्ञांचाही समावेश झाला. त्याच कायद्याच्या आधारे जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवण्यात आले.

या शेवटच्या निर्णयाचा फटका कुणाला बसतो, हे आपल्या भागात स्पष्ट दिसतं. लग्न झालेली, नोकरी सांभाळणारी किंवा तालुक्याच्या गावात राहणारी मुलगी ‘एम.ए. बाहेरून करीन’ असा हिशोब धरून बी.ए. करत असे. तो हिशोब आता चालत नाही. पदवीच्या पहिल्याच वर्षी हे कळलं, तर ती नियमित एम.ए.ची तजवीज करू शकते, मायनर म्हणून शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन दुसरी वाट राखू शकते, किंवा चौथ्या वर्षाचा विचार करू शकते. चौथ्या वर्षाच्या ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ही अट पाचव्या सत्रात कळून उपयोग नाही. चार वर्षं केल्यास पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, तीन वर्षं केल्यास दोन. बेरीज सारखीच दिसते, पण घरच्यांना समजावताना आणि स्थळं यायला लागल्यावर ती सारखी राहत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राअखेर मेजर तोच ठेवायचा की बदलायचा, हे विद्यार्थ्यानं ठरवायचं असतं. म्हणजे महत्त्वाचं बोलणं त्याआधी व्हायला हवं. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनामुळे महाविद्यालयांत आता मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेल्या मुलांच्या, फायली असतात. वीस-पंचवीस मुलांची यादी, सह्या, भेटीच्या तारखा. जिथे शिक्षक मनावर घेतात तिथे त्या फायलींमागे खरं बोलणं होतं. पण आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार १६ तास धरला आहे, आणि विषयनिवडीचा सल्ला त्या तासांत बसत नाही. त्यातून अनेक ठिकाणी मानसशास्त्र शिकवणारे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना वर्गात उभं राहिल्याचे पैसे मिळतात, वर्गाबाहेर एखाद्या मुलीशी अर्धा तास बसून तिच्या सहा सत्रांची आखणी करून दिल्याचे मिळत नाहीत. अनुदानित महाविद्यालयाच्या पदांत प्राचार्य, प्राध्यापक, ग्रंथपाल, क्रीडा संचालक असतात. कोठारी आयोगाला हवा असलेला हजारांमागचा तो एक माणूस त्या यादीत अजून यायचा आहे, आणि आता तो आणायचा तर मानसशास्त्राच्याच एम.ए. झालेल्या मुली त्या कामाला कोल्हापुरात तयार आहेत.