भांड्यांचं पाणी मोजताना

भाऊबीजेला आम्ही सांगलीला नणंदेकडे होतो. विश्रामबागेतल्या तिच्या नव्या घरात ओट्याखाली भांडी धुण्याचं मशीन बसवलंय. जेवणं उरकली, ताटं-वाट्या जाळीत रचल्या, उरलेल्या जागेत आमटीचं ॲल्युमिनियमचं पातेलंही बसवलं आणि बटण दाबून आम्ही गप्पांना बसलो. दोन तासांनी दार उघडलं. वाफेचा भपकारा आला, ताटं-वाट्या लखलखीत होत्या. पातेलं मात्र आतून-बाहेरून काळपट पडलेलं. “वहिनी, हे काय झालं हो? सासूबाईंचं पातेलं आहे ते!” असं म्हणत नणंद ते फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होती. काळं काही निघेना.

हाताने घासणं आणि मशीनने धुणं यांतला खरा फरक त्या पातेल्यावरच उमटला होता.

हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याच्या कामाचे चार वाटेकरी सांगितले: घासण्याचा जोर, रसायन, उष्णता आणि वेळ. एकाचा वाटा कमी पडला की बाकीच्यांनी तो भरून काढायचा. आपण हाताने घासतो तेव्हा सगळी भिस्त जोरावर असते. पाणी गार, साबण कातडीला सोसेल इतपत सौम्य, आणि एका ताटाला वेळ फार तर दहा-पंधरा सेकंद. मशीनला हात नाहीत. त्याचे फवारे जोरात लागतात, पण काथ्यासारखे खरवडत नाहीत. मग ते पाणी ५० ते ७० अंशांपर्यंत तापवतं, हाताला सोसणार नाही असा तीव्र अल्कधर्मी साबण वापरतं आणि हे सगळं तास-दोन तास चालू ठेवतं. त्या साबणात विकरंही असतात. एक विकर भात-भाकरीतल्या स्टार्चचे तुकडे करतं, दुसरं डाळीतल्या, दुधातल्या प्रथिनांचे. घास चावताना आपल्या लाळेतलं अमायलेज जे करतं, तेच काम इथे वाळलेल्या शितांवर होतं.

ॲल्युमिनियमला हे मानवत नाही. या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्या थरामुळे तो टिकतो. तीव्र अल्कली तो थर विरघळवते, उघडा पडलेला धातू पाण्याशी झगडतो आणि काळा पडतो. लोखंडी तव्याचं दुखणं वेगळं. वर्षानुवर्षं तेल भाजून त्यावर जो काळा गुळगुळीत थर बसलेला असतो, तो मशीनमध्ये उतरतो आणि तव्याला गंज चढतो. तांब्या-पितळेची चमक जाते, पोळपाट-लाटणं फुगतं, भेगाळतं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली निम्मी भांडी मशीनबाहेरच राहतात. ज्या घरात स्टील आणि काच जास्त, तिथे मशीन शोभतं.

ते जन्मलंही चिनी मातीच्या भांड्यांसाठी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफीन कॉक्रेन यांनी २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचं पेटंट घेतलं. नोकरांच्या हातून ठेवणीतल्या बश्यांचे टवके उडत, हे त्यांचं दुःख होतं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मशीन गाजलं, पण पहिली गिऱ्हाइकं हॉटेलंच होती.

आता पाण्याचं. “मशीन पाणी वाचवतं” हे वाक्य आपण जाहिरातीत ऐकतो आणि ते खोटं नाही. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्राध्यापक रायनर स्टॅमिंगर यांच्या गटाने युरोपातल्या निरनिराळ्या देशांतल्या शंभराहून अधिक माणसांना बारा माणसांची भांडी हाताने धुवायला दिली आणि पाणी मोजलं. सरासरी आली सुमारे १०० लिटर आणि अडीच युनिट ऊर्जा. तेवढ्याच भांड्यांना मशीनला १५ लिटरच्या आसपास पाणी पुरलं.

मला यातलं अडीच युनिट खटकलं. हाताने भांडी धुवायला वीज कुठून आली? हिशोब करून बघा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं तर ८,४०० किलोज्यूल, म्हणजे सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त वीज. युरोपातली माणसं भांडी कोमट-गरम पाण्याने धुतात, आणि मशीनची विजेतली बचत ही त्या गरम पाण्यावरची बचत आहे. साताऱ्यात आम्ही टाकीच्या पाण्याने भांडी घासतो. तापवण्याचा खर्च शून्य. मशीन आणलं तर फेरीला सुमारे एक युनिट वीज नव्याने खर्ची पडेल, आणि आपल्याकडे बहुतेक वीज कोळशाची असल्याने युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लावता येत नाही तो यामुळे.

पण आपलं गार पाण्यावर भागतं कसं? याचं उत्तर आपल्या तेलाच्या घाणीत आहे. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल थंडीच्या दिवसांतही पातळच राहतं. पातळ तेलाला साबणाचे रेणू पटकन पकडतात. या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलात शिरतं. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा झाले की थेंब ताटापासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. तेल गोठलेलं असेल तर ते टोक शिरणार कुठे? लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, प्राण्यांची चरबी त्याहून वरच्या तापमानाला. ज्या देशांत लोणी आणि चरबीवर स्वयंपाक होतो, तिथे गरम पाण्यावाचून ताट सुटत नाही. आपल्याकडेही रविवारचं मटणाचं पातेलं आठवा. डिसेंबरात, रात्री तसंच राहिलं तर सकाळी कडेला पांढरा मेणचट थर धरलेला असतो. त्याला कितीही साबण लावा, घासणीच ओशट होते. तांब्याभर कढत पाणी ओतलं की दोन मिनिटांत सुटतो.

उलट काही भांड्यांना गरम पाणी लावूच नये. कणकेची परात आणि भाकरीची काटवट गार पाण्याने धुवावी. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून त्याची खळ होते. दुधाच्या पातेल्याचंही तेच, उष्णतेने प्रथिनं थिजून तळाला घट्ट बसतात. मशीनही पहिली फेरी गार पाण्याचीच मारतं, ते उगीच नाही.

वीज सोडली, तरी पाणी उरतंच. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवून घड्याळ लावलं. अडीच मिनिटांत भरली. मिनिटाला ६ लिटर. रात्रीची भांडी विसळताना तो नळ पंधरा मिनिटं चालू राहतो, म्हणजे ९० लिटर. बॉनच्या आकड्याशी जवळजवळ जुळलं आणि मला मनापासून वाईट वाटलं. माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आम्ही मोठे झालो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्या दहा टाक्यांत ५ लाख लिटर पाणी होतं. नळ सोडून घासायचं ठरवलं, तर पाच हजार घरांची एका वेळची भांडी त्यात उरकतात.

मशीन एवढ्या थोड्या पाण्यात भागवतं कसं, हे नणंदेकडे मी वाकून बघितलं. फेरी संपल्यावर जाळी काढून आत हात घातला, तर तळाला एक उथळ खळगा. त्यात तीन-चार लिटर पाणी साठतं. पंप तेच पाणी गाळून पंख्यासारख्या दोन नळ्यांतून वर फेकतो, पाणी भांड्यांवरून निथळून पुन्हा खळग्यात येतं, पुन्हा वर जातं. नळ्या फिरवायला वेगळी मोटर नसते. तिरप्या भोकांतून पाणी सुटतं त्या धक्क्यानेच त्या गरगरतात, बागेतल्या फवाऱ्यासारख्या. घाण झालेलं पाणी सोडून द्यायचं, नवं थोडं घ्यायचं. सगळी बचत या ‘तेच पाणी पुन्हा’मध्ये आहे.

आणि हे आमच्या आजीला माहीत होतं. परसात दगडापाशी ती दोन भांडी घेऊन बसायची, एक घमेलं आणि एक घंगाळ. खरकटं आधी हाताने निपटून गुरांच्या पाटीत. मग राखेने आणि नारळाच्या शेंडीने सगळी भांडी घासून एकीकडे रचायची. पहिला हात घमेल्यात, दुसरा घंगाळात. घमेल्यातलं पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, घंगाळातलं घमेल्यात घ्यायचं आणि घंगाळात नवं. पंधरा-वीस लिटरांत दहा माणसांची भांडी. चुलीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे अल्कलीच. ती तेलातल्या आम्लांशी मिळून तिथल्या तिथे थोडा साबण बनवते, आणि राखेचे बारीक कण घासायचं काम करतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हाताने धुण्याच्या रीती आणि मशीन यांची तुलना केली. नळ सोडून धुणं सर्वांत महाग पडलं. सर्वांत कमी हरितगृह वायू निघाले ते दोन भांड्यांच्या रीतीत: एकात गरम साबणपाणी, दुसऱ्यात गार पाणी. मशीनचा क्रमांक त्यानंतर. या अभ्यासाला पैसा मशीन बनवणाऱ्या कंपनीचाच होता, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

हळदीचं एक सांगायचं राहिलं. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद आमच्या डब्यात बारा महिने असते, आणि प्लॅस्टिकच्या डब्यांवरचे तिचे पिवळे डाग ना घासणीने जातात ना मशीनने. मशीनच्या गरम पाण्यात तेलाबरोबर रंगही फिरतो आणि शेजारचा पांढरा डबासुद्धा पिवळट होऊन येतो. साबण लागल्यावर डाग क्षणभर लालसर होतो ना? हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पण कर्क्युमिनला प्रकाश सोसत नाही. डबा धुऊन दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवा, डाग आपोआप फिका पडतो. ऊन ओलही घालवतं आणि ओल गेली की जंतूंची वाढ थांबते. सिंकच्या कोपऱ्यात कायम ओली पडलेली घासणी ही त्या दृष्टीने घरातली सर्वांत वाईट वस्तू.

बोअरच्या जड पाण्याचं गणितही वेगळं असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार स्टीलवर पांढरे ठिपके ठेवून जातात. मशीनमध्ये मीठ घालतात ते यासाठीच. आतल्या राळेचे मणी पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे होतात. हाताने घासणाऱ्यांनी भांडी निथळत न ठेवता लगेच कोरड्या फडक्याने पुसली की ठिपके उठत नाहीत.

या सगळ्यात ज्यांचे हात पाण्यात असतात त्यांना मी विचारलं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी सात घरं करतात. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी, चिरलेली. साबण ताटावरचं तेल काढतो तसंच कातडीतलंही काढतो, आणि तारेची घासणी उरलेलं काम करते. “ताई, पाण्याचं मला काय न्हाई. पण भात वाळला की जीव काढतोय बघा. भांडी भिजत घालत जावा की,” त्या म्हणाल्या. झिनरच्या चार वाटेकऱ्यांतला ‘वेळ’ तो हाच. भिजलेल्या शितात पाणी शिरतं, शीत फुगतं आणि ताटावरची पकड सोडतं. जोर निम्म्यावर येतो.

तेव्हापासून रात्री जेवण झालं की आमची ताटं एकावर एक रचतो, तळच्या पातेल्यात दोन तांबे पाणी घालतो आणि वाट्या त्यात बुडवतो. सिंकखाली दोन टप आणलेत. मावशींसाठी रबरी हातमोजेही आणले, पण ताट निसटतं म्हणून त्या ते घालत नाहीत. काम झाल्यावर पेरांना खोबरेल तेवढं लावतात. परवा दोन्ही टपांतलं मिळून पाणी मोजलं, २२ लिटर भरलं. दुसऱ्या टपातलं विसळणीचं पाणी कढीपत्त्याला जातं.