स्ट्रीमिंग स्टिकवर स्वतःचे व्हिडिओ: ना अपलोड, ना एमपी४चा खटाटोप

टीव्हीला लावायच्या स्वस्त स्ट्रीमिंग स्टिकवर घरचे व्हिडिओ लावायचे तर ते आधी इंटरनेटवर चढवावे लागतात, हा समज चुकीचा आहे. नेट लागतं ते पहिल्या सेटिंगला आणि ॲप उतरवायला. अँड्रॉइड टीव्ही किंवा बहुतेक फायर टीव्हीवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका, संगणकावरचा फोल्डर नेटवर्कवर शेअर करा आणि दोन्ही एकाच राउटरला जोडा. व्हीएलसीच्या ब्राउझ विभागात तो संगणक दिसतो. पासवर्ड विचारला तर संगणकाच्या खात्याचा द्यायचा, वाय-फायचा नव्हे. इथेच बरेच जण अडतात. फाइल घरातल्या घरात फिरते, डेटा खर्च होत नाही.

‘एमकेव्ही चालत नाही, एमपी४ करा’ हेही तसंच. एमकेव्ही हा फाइलचा प्रकार म्हणजे नुसता डबा; अडतं ते आतल्या कोडेकवर, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीवर. एच.२६४ या कोडेकचा ८ बिट व्हिडिओ जवळपास सगळीकडे चालतो. त्याचाच १० बिट प्रकार मात्र बहुतेक स्टिकची चिप उलगडत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येऊन चित्र अडखळतं. चित्र आहे पण आवाज नाही? ऑडिओ बहुधा डीटीएस या कोडेकचा असतो. व्हीएलसीतला पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे पाठवणं, बंद करा. दुसऱ्या प्लेअरसाठी फक्त ऑडिओ एएसी या कोडेकमध्ये बदला, व्हिडिओला हात लावू नका.

मोठी फाइल थांबत-थांबत चालत असेल, तर नवी स्टिक घेण्याआधी वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेऊन बघा.