काँक्रीटच्या चौथऱ्यांमागचे गणित

इंग्लंडच्या इसेक्स परगण्यात, थेम्स नदीच्या उत्तरेस, ईस्ट टिलबरीजवळच्या बोवॉटर्स फार्म या शेतजमिनीत दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी तोफांचे आठ काँक्रीटचे तळ आजही पाहायला मिळतात. त्यांपैकी चार अष्टकोनी तळ युद्धाच्या आरंभकाळातील ४.५ इंची तोफांचे, तर चार गोलाकार तळ नंतर आलेल्या ५.२५ इंची तोफांचे आहेत. ब्रिटनमध्ये अशी जवळपास १००० ठाणी उभारली गेली होती. ज्यांचे थोडेफार तरी अवशेष उरले आहेत, अशी त्यांपैकी २०० सुद्धा नाहीत.

पाहणारा साहजिकच आधी तोफांच्या तळांकडे वळतो. माझ्या मते मात्र अशा ठाण्याचा खरा गाभा म्हणजे तिथला नियंत्रण कक्ष, कारण उंचावरचे विमान पाडणे हा मुळात गणिताचा प्रश्न होता. गोळ्याला विमानाच्या उंचीपर्यंत पोहोचायला १५ सेकंद लागत असतील, तर ताशी ३६० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात दीड किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणून नेम विमानावर नव्हे, तर ते जिथे पोहोचेल त्या बिंदूवर धरावा लागे. हा बिंदू ‘प्रेडिक्टर’ नावाचे गणकयंत्र शोधत असे. सैनिक दुर्बिणीतून विमानाचा सतत माग ठेवत, यंत्रातील दंतचक्रे हिशेब करत, आणि दिशा, कोन व गोळा किती सेकंदांनी फुटावा याची वेळ विजेच्या तारांतून तोफांकडे जाई.

रात्री विमान दिसत नसे, तेव्हा रडारवर विसंबावे लागे. त्याच्या लहरी काही मीटर लांबीच्या असल्याने जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरींचा उंचीच्या मोजमापावर परिणाम होई, आणि जमीन उंचसखल असली की मोजमाप चुके. त्यावर उपाय म्हणून रडारभोवती सुमारे १२० मीटर रुंदीची तारेची सपाट जाळी खांबांवर ताणून बसवली गेली. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने रडार आणि प्रेडिक्टर यांचा मेळ सुधारण्यावर काम केले. १९४० मध्ये एक विमान पाडायला सुमारे २०,००० गोळे लागत. १९४१ मध्ये ती संख्या सुमारे ४,००० वर आली.

काँक्रीट टिकाऊ असल्याने तोफांचे तळ राहिले, पण जाळी आणि तिचे खांब युद्धानंतर टिकणारे नव्हते. म्हणून अशा ठाण्यांची संरक्षित हद्द आखताना केवळ बांधकाम नव्हे, तर जिथे रडार उभे होते ती सपाट जमीनही तिच्यात घेतली पाहिजे, असे मला वाटते. तीही त्या मोजमापाच्या यंत्रणेचाच भाग होती.