क्रीडास्पर्धांचे यजमानपद आणि नगरविकास : पुणे

मोठी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरविल्यामुळे यजमान शहराच्या बांधकामांत, रहदारीत, जमिनीच्या भावांत आणि खेळांच्या सवयींत होणारे बदल या विषयात मोडतात. माँट्रिऑलला १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडता फेडता २००६ साल उजाडले. बार्सेलोनाने १९९२ च्या निमित्ताने समुद्रकिनारा शहराला जोडून घेतला. ही दोन टोके अभ्यासक नेहमी देतात. पुण्याने ऑलिंपिक भरविलेले नाही. येथील परिणाम लहान मापाचे आहेत आणि इतर कारणांपासून वेगळे काढणे कठीण आहे.

स्वारगेटजवळच्या महापालिकेच्या नेहरू स्टेडियमवर १९८७ व १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकांचे सामने झाले. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी १६६ धावांत गारद झालेल्या केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले ते येथेच. शहराच्या रचनेवर या सामन्यांची खूण फारशी उरली नाही. मैदान आधीचेच होते.

बालेवाडीचे तसे नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी तेथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले, तेव्हा बालेवाडी महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव होते. हद्दीत ते १९९७ मध्ये आले. आज तेथे दिसणारी उंच गृहसंकुले क्रीडासंकुलामुळे आली की संकुल केवळ त्यांच्या आधी आले, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे संकुलासाठी झालेले रस्ते आणि पाणी-विजेची सोय यांमुळे पश्चिमेकडील शेतजमीन बांधकामाला खुली झाली. दुसरे मत हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाला (१९९० च्या दशकाची अखेर) आणि देहूरोड–कात्रज बाह्यवळण मार्गाला श्रेय देते. बालेवाडीबाहेरच्या वाकड, बावधन या गावांची वाढही साधारण त्याच काळात झाली, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संकुलाने बालेवाडीला नाव दिले, एवढे मात्र मान्य करावे लागते. बसच्या पाटीवर ‘बालेवाडी स्टेडियम’ असेच लिहिलेले असते.

असाच घोळ २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांबद्दल आहे (१२ ते १८ ऑक्टोबर, ७१ संघ, ९ खेळ). भारताने ३३ सुवर्णांसह ७६ पदके मिळवून पहिले स्थान घेतले. त्या सुमाराचे रस्तारुंदीकरण आणि कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) हे या स्पर्धांचे फलित म्हणून सर्रास सांगितले जाते. परंतु बीआरटी डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली होती आणि तिचा पैसा जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून आला. स्पर्धेने कामांना तारीख दिली, निधी मात्र दुसरीकडून आला, असे म्हणणे सुरक्षित ठरेल. स्पर्धेसाठी नूतनीकरण झालेले संकुल लगेच उपयोगी पडले: त्याच वर्षी पुण्यात कनिष्ठ गटाची जागतिक बॅडमिंटन स्पर्धा झाली व सायना नेहवाल विजयी ठरली. (या खेळाचे एक जुने नाव ‘पूना’ होते आणि त्याचे आरंभीचे नियम येथील इंग्रज अधिकाऱ्यांनी बहुधा १८७० च्या दशकात बांधले, असे मानतात, खेळाचा उगम मात्र त्याहून जुना असावा.)

क्रिकेटने शहर सोडले. नेहरू स्टेडियमवरील शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ३ नोव्हेंबर २००५ रोजी झाला. मैदान पालिकेचे व सामना महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा, या दुहेरी मालकीतून मोफत पासांवरून होणारे तंटे हे स्थलांतराचे कारण सांगितले जाते. द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे संघटनेचे स्वतःचे मैदान २०१२ मध्ये तयार झाले. आराखडा मायकेल हॉपकिन्स यांच्या वास्तुसंस्थेचा. येथे २०२३ च्या विश्वचषकाचे ५ सामने झाले. सामन्याच्या दिवशी रहदारीचा ताण शहरापेक्षा देहूरोड–किवळे भागावर पडतो आणि प्रेक्षकाला वाहनतळापासून बरीच पायपीट करावी लागते. आतही सर्व प्रेक्षागृहांवर छप्पर नाही. दुपारचा सामना उन्हातच पाहावा लागतो. हॉटेलांचा धंदा मात्र शहराला मिळतो.

फिरत्या स्पर्धांचा ठसा आणखी पुसट. चेन्नईहून आलेली एटीपी (पुरुष व्यावसायिक) टेनिस स्पर्धा २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीत झाली (२०२१ चा अपवाद) आणि मग बंद पडली. २०२२ च्या महिला आशियाई फुटबॉल चषकाचे काही सामनेही येथे झाले.

जानेवारी २०२६ मधील पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीने मैदानाऐवजी रस्ता हेच क्रीडांगण केले. मार्गावरील रस्त्यांवर नवे डांबर चढले, अडथळे ठरणारे गतिरोधक निघाले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात बीआरटीच्या कडेने सायकलपट्टे आधीपासून आहेत. त्यांवर बहुतेक ठिकाणी दुचाक्या आणि हातगाड्या उभ्या असतात. शर्यत अर्थातच मुख्य रस्त्यावरून धावली.