झुरळाचा जवळचा नातलग कोण?

नागपुरात जुलैची झड लागली की न्हाणीच्या जाळीतून गोम वर येते आणि ओट्याखाली झुरळं फिरू लागतात. आता सांगा, झुरळाला जवळची कोण: ही गोम, की भंडाऱ्याच्या तलावांतून बाजारात येणारा झिंगा?

विसाव्या शतकात बराच काळ पुस्तकं गोमेकडेच बोट दाखवत होती. दोघांच्याही मिशांची एकच जोडी आणि दोघंही श्वास घेतात ते नळ्यांतून. झिंग्याला मिशांच्या दोन जोड्या, वर कल्ले. पण हा निकाल फिरला, तोही एका चिमुकल्या जनुकामुळे.

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःचा डीएनए असतो, गोल कड्यासारखा. त्यावर साधारणपणे 37 जनुकं असतात. डीएनएची अक्षरं चारच, त्यामुळे एखादं अक्षर बदलून पुन्हा मूळपदावर येऊ शकतं. जनुकांचा क्रम मात्र सहसा हलत नाही. बुटीबोरी, खापरी, अजनी, नागपूर हा स्टेशनांचा क्रम सोडून कुणी खापरी उचलून कामठीपलीकडे नेलं, आणि दोन वेगळ्या नकाशांत नेमका तोच बदल दिसला, तर दोन्ही एकाच नकाशावरून उतरवलेत असंच आपण म्हणू.

ल्यूसीन हे अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या एका टी-आरएनएच्या जनुकाचं तसंच झालंय. विंचवाच्या गोतातल्या हॉर्सशू क्रॅबमध्ये ते मोठ्या आरआरएनए जनुकाच्या आणि ‘एनडी-1’च्या मध्ये असतं. गोमेच्या गोतातही तसंच. माणसातही तिथंच, म्हणजे ही जागा फार जुनी. कीटक आणि कवचधारींमध्ये, म्हणजे झिंगे-खेकड्यांच्या गोतात, मात्र ते ‘कॉक्स-1’ आणि ‘कॉक्स-2’च्या मधोमध जाऊन बसलंय. जेफ्री बूर, डेनिस लावरोव आणि वेस्ली ब्राउन यांनी 1998 साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. झिंगा जिंकला. आज तर कीटक ही कवचधारींच्याच वंशवृक्षाची एक फांदी मानतात.

म्हणून मायटोकॉन्ड्रियाचा प्रत्येक शब्द प्रमाण मानायचा का? मला तसं वाटत नाही. पावसाळ्यात कुंडीच्या ओल्या मातीवर टुणटुण उडणारे स्प्रिंगटेल जवळून बघा: सहा पाय, पंख नाहीत, आणि पोटाखाली दुमडलेला चिमटा. तो सुटला की किडा हवेत. 2003 मध्ये मायटोकॉन्ड्रियाची अक्षरं जुळवून असा निष्कर्ष निघाला, की हे कीटकांच्या घरातले नाहीतच, सहा पाय त्यांना स्वतंत्रपणे लाभले. लगेच वाद पेटला. कीटकांच्या या डीएनएत ए आणि टी ही अक्षरं बेसुमार असतात, आणि काही वंशांत बदलांचा वेगही भलताच. अशा वेळी नातं नसताना साम्य दिसतं. 2014 मध्ये केंद्रकातल्या 1,478 जनुकांवरून केलेल्या मोठ्या अभ्यासाने स्प्रिंगटेलना पुन्हा षट्पादांच्या घरात आणलं.

पन्नास कोटी वर्षांपूर्वीचं विचारलं की हा साक्षीदार गडबडतो, अलीकडचं विचारलं तर चोख सांगतो. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीचंच घ्या. भिंगाखाली सगळ्या सारख्याच, पण ‘कॉक्स-1’चा साडेसहाशे-एक अक्षरांचा तुकडा वाचला की ती एक जात नसून एकसारख्या दिसणाऱ्या कितीतरी जातींचा घोळका आहे हे कळतं. त्यातल्या काही कीटकनाशकांना दाद देत नाहीत, तेव्हा फवारणीआधी शेतात नेमकी कोणती आहे हे कळलेलं बरं.