पी.टी.च्या तासात आरोग्य कसं आलं

सहावी-सातवीच्या वेळापत्रकावर ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असं लिहिलेलं असतं, मुलं मात्र त्याला पी.टी.चा तासच म्हणतात. त्यांचं चुकत नाही. हे दोन विषय वेगवेगळ्या वाटांनी शाळेत आले आणि एका तासात बसले ते फार उशिरा.

व्यायामाची वाट आखाड्यातून आली. नागपूरच्या महाल, इतवारीतल्या आखाड्यांत तांबडी माती, जोर-बैठका आणि मलखांब होते. तिकडे अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 मध्ये मंडळाच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. विदर्भाला याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण शाळेच्या मैदानावर यातलं थोडंच उतरलं. तिथं राज्य केलं ते कवायतीनं: सावधान, विश्राम, दहिने मूड.

स्वातंत्र्यानंतर कवायतीला सरकारी बळ मिळालं. 1954 मध्ये आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. तिची सुरुवात दिल्लीतल्या निर्वासित मुलांपासून झाली होती. सगळं हरवून आलेल्या मुलांना रांगेचा आधार वाटला असेल, हे समजू शकतं. पुढे 1959 मध्ये नेमलेल्या कुंझरू समितीनं शाळांतल्या व्यायाम-शिस्तीच्या अशा विखुरलेल्या योजना एकत्र करायला सांगितलं. पण मुळात योजनेच्या नावातच ‘शिस्त’ होती. बाराव्या वर्षी झपाट्यानं बदलणाऱ्या शरीराबद्दल त्या तासात कोणी बोलत नव्हतं.

आरोग्य आलं डॉक्टरांच्या बाजूनं. 1946 चा सार्वजनिक आरोग्यावरचा भोर समितीचा अहवाल, 1960 ची शालेय आरोग्यावरची रेणुका राय समिती, आणि 2013 पासून मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. पथक येतं, दात-डोळे-वजन बघतं, जातं. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं आरोग्य आणि शारीरिक शिक्षण हा एकच विषय म्हणून मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2007 मध्ये, महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. म्हणजे ज्या वयाला सगळ्यात जास्त प्रश्न, त्याच वयाचा धडा गळाला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर या विषयासाठी शिक्षक ठरवला, पण अर्धवेळ. विषय सक्तीचा आणि शिक्षक अर्धवेळ, हे मला आजही पटत नाही.

नागपुरात ही फारकत जास्त टोचते, कारण इथं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नागपूर भागातल्या डॉक्टरांनी 1950 च्या दशकातच त्याची नोंद केली होती. ‘एसएस पॅटर्न’च्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून हा दोष आलेल्या, मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं, दम लागून प्राणवायू कमी पडला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. मार्चच्या उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारताना यातलं सगळंच एकदम घडू शकतं. अशा मुलानं खेळू नये, असं अजिबात नाही. त्याला मधेमधे थांबता यावं, सारखं पाणी पिता यावं आणि थकल्यावर ‘आळशी’ म्हणून घ्यावं लागू नये, एवढंच.

1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत बाधित आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे, म्हणजे तिथली सहावी-सातवीची मुलंही आली. पालकांच्या संमतीनं तो निकाल पी.टी.च्या सरांपर्यंत पोचला, तर तिसऱ्या फेरीला बसकण मारणाऱ्या पोराला ओरडा नाही, पाणी मिळेल.