चौकटीचा रंग वाळतच नाही

दिवाळीआधी हॉलचं रंगकाम काढलं. भिंतींना दुपारी इमल्शनचा हात मारला, संध्याकाळी टेकून बसता येत होतं. दाराच्या चौकटीला सकाळी लावलेला ऑइल पेंट मात्र दुसऱ्या दिवशीही माझी बाही धरून ठेवत होता. "पंखा लावून ठेवा, ओल उडून जाईल," रंगारीकाका म्हणाले. ओल कसली? त्या रंगात पाणी नसतंच.

भिंतीचा रंग खरोखर वाळतो. पाणी उडालं की त्यात तरंगणारे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी एकमेकांत दाबले जातात आणि सलग पापुद्रा धरतो. चौकटीचं तसं नाही. रंग पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन काही तासांत उडतं, मागे राहतं ते तेल (पारंपरिक रंगात जवसाचं), आणि तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन खातं! काचेवर जवसाच्या तेलाचा पातळ थर देऊन रोज तोलला, तर वजन घटायच्या ऐवजी वाढतं, १० टक्क्यांच्या आसपास.

जवसाच्या तेलात भरणा लिनोलेनिक आम्लाचा: १८ कार्बनची साखळी, तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन सैल असतात. एखादा निसटला की तिथे ऑक्सिजन येऊन बसतो, पेरॉक्साइड हे सहज फुटणारं संयुग होतं. ते फुटलं की तुकडे शेजारच्या साखळ्यांचे हायड्रोजन ओढतात, आणि मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. (इथवर येऊन दमला असाल तर गोधडी डोळ्यांपुढे आणा. साखळ्या म्हणजे चिंध्या, हे नवे बंध म्हणजे टाके.) रंगात घातलेले कोबाल्टचे क्षार पेरॉक्साइड भराभर फोडून शिवणाचा वेग वाढवतात. हल्लीच्या एनॅमलमध्ये नुसतं तेल नसून अल्किड राळ असते, पण तिलाही तेलाच्याच शेपट्या असतात. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवरचा चिवट तपकिरी थरही याच जातीचा. खोबरेलात असे दुहेरी बंध अगदीच थोडे, म्हणून ते केसांना खुशाल लावावं.

शिवलेला थर पुन्हा विरघळत नाही. डब्यातल्या रंगावर धरलेली साय टर्पेंटाइनमध्ये टाकून पाहा: फुगेल, लिबलिबीत होईल, विरघळणार नाही. म्हणूनच दुसरा हात पहिल्यात मिसळू शकत नाही; त्याला धरायला ओरखडे लागतात, ते पॉलिश पेपरने करून द्यायचे. आणि जाड हात मारला तर वर साय धरते, आत ऑक्सिजन पोचत नाही, सुरकुत्या पडतात. काकांचा पंखा बरोबरच होता, कारण तेवढं चुकलं.

कुठल्या दिशेच्या भिंतीला कुठला रंग लाभतो, यावर आमच्या घरी दोन दिवस खल झाला. भिंतीला दिशा कळत नाही, अल्कली (सिमेंटमधला चुन्यासारखा क्षार) कळते. सिमेंटच्या ताज्या गिलाव्यावर ऑइल पेंट मारला आणि ओल आली, तर तेलाचा चक्क साबण होतो आणि पोपडे सुटतात. याची चर्चा कुणी केली नाही.

टाके पडताना उष्णता निघते. दारावर ती हवेत विरते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंधीचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर आतल्या आत साठते, आणि चिंधी आपोआप पेटू शकते. झोपाळ्याला तेल पुसलेली आमची चिंधी मी बाल्कनीतल्या दोरीवर सुटी पसरली. चार दिवसांनी काढली तेव्हा पापडासारखी कडक झाली होती.